मसाविचा ताळा: एक फंक्शन लीनमध्ये सिद्ध करताना गेलेले अकरा महिने

२७ जूनला माझा एमटेकचा व्हायवा झाला. पार्ट टाइम एमटेक, नोकरी सांभाळून, आणि डेझर्टेशनचा विषय कॉम्प्युटर अल्जिब्रा सॉफ्टवेअरचं फॉर्मल व्हेरिफिकेशन, म्हणजे कोड बरोबर आहे हे नुसत्या टेस्टवर न सोडता गणितासारखं सिद्ध करून दाखवायचं. मी सुरुवात केली तेव्हा माझ्या ओळखीत हे केलेलं एकही माणूस नव्हतं, काय इन्स्टॉल करायचं, कुठून सुरू करायचं, किती वेळ लागेल, काही म्हणजे काही कळत नव्हतं. म्हणून सगळं जसं घडलं तसं लिहून ठेवतेय, पुढे कुणी या वाटेला गेलं तर निदान सुरुवातीचे तीन महिने तरी वाचतील.

कॉम्प्युटर अल्जिब्रा म्हणजे आकड्यांऐवजी अक्षरांचं गणित करणारं सॉफ्टवेअर. अवयव पाड, इंटिग्रेशन कर, अपूर्णांकाला संक्षिप्त रूप दे, असली कामं. इंजिनिअरिंगला आपण सगळ्यांनी वापरलेलं असतं आणि त्याच्या उत्तरावर शंका घ्यायची असते हे मनातही येत नाही. माझ्या मनात ते आलं एका लेखामुळे. स्पेनमधल्या तिघा गणितज्ञांनी २०१४ साली अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नोटिसेसमध्ये लिहिलं होतं की मोठ्या पूर्णांकांच्या एका मॅट्रिक्सचा डिटरमिनंट त्यांनी एका नामांकित सिस्टिमकडून काढून घेतला, तर तोच मॅट्रिक्स पुन्हा दिल्यावर उत्तर बदलायचं. तोच इनपुट, वेगळं उत्तर! हार्डवेअरमध्ये असं झालं की केवढ्याला पडतं ते १९९४ च्या पेंटियमच्या भागाकाराच्या बगने दाखवलं होतं, इंटेलला तेव्हा ४७.५ कोटी डॉलर बाजूला काढायला लागले. त्यानंतर चिपमधलं गणित थिअरम प्रूव्हरने, म्हणजे सिद्धतेची प्रत्येक पायरी तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने, सिद्ध करून घ्यायचं काम जोरात सुरू झालं. सॉफ्टवेअरमध्ये मात्र अजूनही बहुतेक ठिकाणी टेस्ट पास झाल्या की झालं.

१५ जुलै २०२४ ला सिनॉप्सिस द्यायचा होता. तीन प्रती, प्रत्येकीवर गाइडची सही, विभागप्रमुखांची सही, आणि एक फॉर्म ज्यात 'अपेक्षित निष्कर्ष' आधीच लिहायचे असतात. मी उत्साहाने लिहिलं की एक छोटी अल्जिब्रा सिस्टिम पूर्ण व्हेरिफाय करणार. सरांनी वाचलं आणि म्हणाले, "हे दहा माणसांचं काम आहे. तू एकच फंक्शन घे, पण असं घे की ज्याच्यावर बाकी सगळं उभं आहे." दोन दिवस विचार करून मी मसावि घेतला, म्हणजे दोन बहुपदींचा महत्तम सामाईक विभाजक. अपूर्णांक संक्षिप्त करायचा तर मसावि, अवयव पाडायचे तर आधी मसावि, इंटिग्रेशनलाही मसावि. तो चुकला की वरचं सगळं चुकतं. सिनॉप्सिस परत टाइप केला, सह्या परत घेतल्या, त्यात ११ दिवस गेले. तुम्ही घेतलात तर पहिल्यापासूनच एवढंसं घ्या, मी शेवटपर्यंत त्या एका फंक्शनच्या बाहेर पडले नाही.

ऑगस्टमध्ये मी झी-थ्रीपासून सुरुवात केली. हा एसएमटी सॉल्व्हर, म्हणजे अट द्या, तो आपोआप सांगतो खरी की खोटी. 'ऑटोमॅटिक' या शब्दाला भुलून मी पूर्ण तीन आठवडे त्यात घातले. ठरावीक कोटीच्या, म्हणजे समजा दोन घाताच्या बहुपदीसाठी तो पटकन उत्तर द्यायचा, पण मला हवं होतं 'कोणत्याही' कोटीच्या बहुपदीसाठी, आणि त्यासाठी इंडक्शन लागतं, म्हणजे एका कोटीवरून पुढच्या कोटीचं सिद्ध करत जायचं, ते तो स्वतःहून करत नाही. शिवाय पूर्णांकांचा गुणाकार आला की तो फिरत बसायचा आणि शेवटी 'अननोन'. नंतर वाचलं तर कळलं की यात त्याचा दोष नाही, पूर्णांकांच्या अशा समीकरणांना सर्वसाधारण रीतच असू शकत नाही हे मातियासेविचने १९७० मध्ये सिद्ध करून ठेवलंय. ज्यांनी झी-थ्री लिहिला त्यातले एक लिओनार्दो दे मूरा, आणि पुढे २०१३ मध्ये लीन या थिअरम प्रूव्हरचं काम त्यांनीच सुरू केलं. मीही त्यांच्याच मागून लीनकडे गेले म्हणायचं.

लीनमध्ये प्रूफ आपण लिहायचं, ते तपासायचं काम त्याचं. मधली कंटाळवाणी बीजगणिताची पायरी 'रिंग' सारखी टॅक्टिक, म्हणजे प्रूफमध्ये द्यायची तयार कमांड, आपोआप उरकते, पण वाट आपणच दाखवायची. त्याची गणिताची मोठी लायब्ररी आहे मॅथलिब, ती घ्यावीच लागते. इथे पहिला फटका बसला. प्रोजेक्ट बनवल्यावर आधी 'लेक एक्झी कॅश गेट' ही कमांड द्यायची असते, त्याने तयार कंपाइल केलेल्या फाइल उतरतात. मला माहीत नव्हतं, मी थेट बिल्ड दिलं आणि माझा ८ जीबीचा लॅपटॉप अख्खी मॅथलिब पहिल्यापासून कंपाइल करायला बसला. रात्रभर पंखा घरघरत होता, सकाळी बघते तर स्क्रीन गोठलेली. दोन रात्री अशा गेल्यावर लीनच्या न्यू मेंबर्सच्या चॅटवर विचारलं, दहा मिनिटांत कुणीतरी ती एक ओळ सांगितली. तरीही ८ जीबीवर एडिटर रडतखडतच चालायचा, म्हणून पुण्याच्या तपकीर गल्लीतून १६ जीबी रॅम आणून टाकली, ३,२०० रुपये. या सगळ्या प्रकरणात पैशांच्या दृष्टीने सगळ्यात सार्थकी लागलेला खर्च हाच.

आणखी एक, प्रोजेक्टमधलं लीनचं आणि मॅथलिबचं व्हर्जन एकदा ठरलं की ते गोठवून ठेवा. मी ऑक्टोबरमध्ये सहज अपडेट केलं आणि लेमांची, म्हणजे छोट्या सहायक प्रमेयांची, नावं बदललेली असल्यामुळे चाळीसेक ठिकाणी लाल रेघा उमटल्या, दसऱ्याची सुट्टी त्यातच गेली.

मग मला वाटलं होतं की मॅथलिबमध्ये बहुपदी आहेतच, त्यांच्यावर मसावि चालवायचा. तर त्या बहुपदी सिद्धतेसाठी आहेत, गणना करण्यासाठी नाहीत. त्यांच्यावर प्रमेयं हवी तेवढी सिद्ध करा, पण दोन बहुपदींचा गुणाकार करून दाखव म्हटलं तर लीन सांगतो 'नॉनकम्प्युटेबल'. यावरचा रस्ता मला कॉक या दुसऱ्या प्रूव्हरवाल्यांच्या २०१२ च्या एका पेपरमध्ये सापडला. तो असा की दोन रूपं ठेवायची, एक धावणारं, एक सिद्धतेचं, आणि मधे एक पूल. धावणारं रूप म्हणजे साधी सहगुणकांची यादी. माझी लेक तेव्हा नववीत होती, तिच्या पुस्तकात तेच चालू होतं, 'बहुपदीचे सहगुणक रूप', नसलेल्या घातासाठी शून्य लिहायचं वगैरे. मी तिच्या शेजारी बसून तेच कॉम्प्युटरला समजावत होते. मग प्रत्येक क्रियेसाठी एक प्रमेय: याद्यांची बेरीज करून पूल ओलांडला काय, किंवा आधी पूल ओलांडून मॅथलिबची बेरीज केली काय, उत्तर एकच.

बेरीज दोन दिवसांत झाली. वजाबाकीला आठवडा लागला, कारण वजाबाकीत सगळ्यात वरचा सहगुणक शून्य होतो आणि यादीच्या टोकाला शून्यं लटकून राहतात. तशीच राहिली तर कोटी चुकीची मोजली जाते, आणि भागाकाराचं लूप थांबतं हे लीनला पटतच नाही. लीनमध्ये रिकर्सिव्ह फंक्शन थांबतं हे दाखवल्याशिवाय ते सहसा घेतच नाही. मी पायथनमध्ये हेच लिहिलं असतं तर कधीतरी ते लटकलं असतं आणि का ते कळलं नसतं. शून्यं कापणारं एक छोटं फंक्शन लिहिलं आणि त्याची सात लेमा. ही सात लेमा पुढे शेकडो वेळा लागली, म्हणून अशा बारक्या गोष्टी सुरुवातीलाच नीट करून घ्या.

आता मुख्य भाग, इथे जरा सविस्तर लिहिते.

पूर्णांक सहगुणक असले की साधा भागाकार चालत नाही, अपूर्णांक येतात. म्हणून भाज्याला भाजकाच्या मुख्य, म्हणजे सगळ्यात वरच्या घाताच्या, सहगुणकाने आधी गुणून घ्यायचं आणि मग वजा करायचं, याला स्यूडो-डिव्हिजन म्हणतात. शाळेतला भाज्य = भाजक × भागाकार + बाकी हा नियम इथे असा होतो: मुख्य सहगुणकाचा अमुक घात × भाज्य = भाजक × भागाकार + बाकी. तो 'अमुक घात' म्हणजे दोघांच्या कोट्यांमधला फरक अधिक एक. हे माझं पहिलं मोठं प्रमेय.

अशा भागाकारांची साखळी लावली की शेवटी मसावि मिळतो, पण सहगुणक भयानक फुगतात. कॉम्प्युटर सायंटिस्ट डोनाल्ड कनूथ यांच्यामुळे प्रसिद्ध झालेली एक जोडी आहे, पहिली आठ घाताची, सहगुणक (१, ०, १, ०, −३, −३, ८, २, −५) आणि दुसरी सहा घाताची (३, ०, ५, ०, −४, −९, २१). या दोघींचा मसावि १ आहे, पण साध्या स्यूडो-डिव्हिजनने गेलं तर शेवटची बाकी ३५ अंकी येते. १९६७ मध्ये जॉर्ज कॉलिन्स यांनी दाखवलं की प्रत्येक पायरीवर बाकीला एका ठरावीक संख्येने भागता येतं, नेमका भाग जातो, आणि आकडे आटोक्यात राहतात. ही सबरिझल्टंटची रीत. तिने तीच शेवटची बाकी येते २६०७०८. मी हीच रीत कोड केली होती. यादृच्छिक हजार जोड्या बनवून, दुसऱ्या सिस्टिमच्या उत्तराशी ताडून बघितल्या होत्या, हजारही बरोबर. कनूथची जोडीही १ देत होती. माझ्या दृष्टीने कोड झालेला होता, फक्त सिद्ध करायचा बाकी होता.

दिवाळीनंतर प्रमेयाला बसले. इंडक्शन लावलं, चार केसेस झाल्या, तीन सुटल्या. चौथी सुटेना. रोज रात्री साडेनऊ ते साडेअकरा मी तिच्यावर बसायचे. नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. ऑफिसमधल्या मीटिंगमध्येही डोक्यात तेच असायचं. गोल, म्हणजे अजून सिद्ध करायचं उरलेलं विधान, एवढा लांबलचक होता की स्क्रीनवर मावायचा नाही आणि मी तो नीट वाचतच नव्हते, नवीन नवीन टॅक्टिक टाकून बघत होते. स्टेज वनच्या सेमिनारमध्ये ४ डिसेंबरला मला सांगावं लागलं की प्रूफ अडकलंय. पॅनेलमधल्या एकांनी विचारलं, "विषय बदलायचाय का?" घरी येताना बसमध्ये मला रडू आलं, खरंच सांगते. मला वाटत होतं की माझं गणितच कच्चं आहे, बीई होऊन पंधरा वर्षं झाली, आता हे झेपणार नाही.

११ जानेवारी, संक्रांतीच्या आधीचा शनिवार. घरी तिळगुळाची गडबड चालू होती. मी ठरवलं की आज टॅक्टिक टाकायची नाही, फक्त गोल वाचायचा. वहीत उतरवून घेतला, दोन्हीकडच्या सारख्या गोष्टींना एकेक अक्षर दिलं, सोपं करत गेले. शेवटी जे उरलं ते एवढंच होतं: एकतर ती अख्खी बहुपदी शून्य आहे, नाहीतर भाजकाचा मुख्य सहगुणक १ आहे. लीन मला दोन महिने हेच सांगत होता, की तुझं म्हणणं मुख्य सहगुणक १ असेल तरच खरं आहे. म्हणजे प्रूफ कच्चं नव्हतंच, विधानच खोटं होतं. कोड चुकला होता.

कुठे? कनूथच्याच जोडीवर हाताने भागाकार करून बघितला. पहिल्या पायरीत ३ ने गुणून वजा केलं की आठवा घात जातो, पण सातव्याचा सहगुणकही शून्यच येतो, म्हणून कोटी थेट सहावर येते. माझा कोड हुशारी करून सातव्या घाताची पायरी गाळायचा, शून्य तर आहे, कशाला गुणायचं. त्यामुळे ३ ने गुणणं तीनदा व्हायच्या ऐवजी दोनदाच व्हायचं. बाकी यायला हवी (−१५, ०, ३, ०, −९), माझी यायची (−५, ०, १, ०, −३). नुसता मसावि काढायचा तर हा फरक चालतो, एकीला ३ ने गुणलं की दुसरी. पण सबरिझल्टंटच्या रीतीत पुढच्या पायरीला जो भागायचा आकडा आहे तो पूर्ण घात धरून ठरलेला आहे. दुसऱ्या पायरीवर कोड (−११७, −२२५, ४४१) ला २४३ ने भागायला गेला. भाग जातच नाही. पूर्णांकी भागाकार असल्यामुळे तक्रार न करता त्याने (−१, −१, १) दिलं, जिथे यायला हवं होतं (६५, १२५, −२४५).

आणि तरी शेवटी उत्तर १ आलं! कारण मधली बहुपदी काहीही झाली तरी शेवटी कुठलीतरी शून्य नसलेली संख्या उरली आणि कोडने जाहीर केलं की मसावि १. उत्तर बरोबर, रस्ता पूर्ण चुकीचा. यादृच्छिक हजार जोड्यांमध्ये हे का दिसलं नाही तेही मग लगेच कळलं. यादृच्छिक सहगुणकांमध्ये मधे शून्य क्वचितच येतं, कोटी एकेकानेच उतरते, पायरी गाळायची वेळच येत नाही.

मी त्याच जोडीतल्या दोघींना क्ष वजा १ ने गुणलं. आता मसावि (१, −१) यायला हवा. 'इव्हॅल' दिलं, म्हणजे कोड चालवून बघितला, उत्तर आलं (१, −१, १). म्हणजे क्ष वर्ग वजा क्ष अधिक १, ज्याने दोघींपैकी एकीलाही भाग जात नाही. मी किती तरी वेळ त्या ओळीकडे बघत बसले. मधे एका पायरीवर भाजक चक्क शून्य झाला होता, आणि लीनमध्ये शून्याने भागलं तर उत्तर शून्य धरतात, त्यामुळे कोडला वाटलं बाकी शून्य आली, संपलं. हे लीनच्या गणितात सोयीसाठी मुद्दाम ठेवलेलं आहे आणि त्यात काही गैर नाही, पण आपल्या कोडमध्ये जिथे जिथे भागाकार आहे तिथे 'भाजक शून्य नाही' आणि 'नेमका भाग जातो' ही दोन विधानं वेगळी लिहून सिद्ध करायलाच हवीत, लीन ती आपणहून मागणार नाही.

दुरुस्ती दोन ओळींची होती. गाळलेल्या पायऱ्यांइतका घात शेवटी गुणून टाकायचा. त्यानंतर चौथी केस चाळीस मिनिटांत सुटली. रात्री एक वाजता 'नो गोल्स' दिसलं तेव्हा सगळे झोपले होते, ओट्यावर झाकून ठेवलेले तिळाचे लाडू होते त्यातले दोन उभ्यानेच खाल्ले.

आता जे करतील त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: एखादं प्रूफ आठवडाभर हलत नसेल तर स्वतःला दोष देण्याआधी ते विधान दहा ठोस उदाहरणांवर चालवून बघा, आणि उदाहरणं विचित्र घ्या, मधे शून्य असलेली, उणे मुख्य सहगुणकाची, शून्य बहुपदी, दोन्ही सारख्या. मला हे कुणी नोव्हेंबरमध्ये सांगितलं असतं तर दोन महिने वाचले असते.

फेब्रुवारीत नवीन अडचण. भागाकार सिद्ध झाला, पण सबरिझल्टंटमध्ये प्रत्येक वेळी नेमका भाग जातो हे सिद्ध करायला डिटरमिनंटचा अख्खा सिद्धांत उभा करावा लागतो. वेळ होता तीन महिने. सरांनी जॉन हॅरिसन आणि लोराँ तेरी यांचा १९९८ चा पेपर दिला. त्यातला विचार असा की उत्तर कसं काढलं हे सिद्ध करायच्या मागे लागू नका, उत्तर अल्जिब्रा सिस्टिमला काढू द्या, आणि प्रूव्हरने फक्त ते तपासावं. अवयव पाडणं अवघड, पण गुणून बघणं सोपं. वाचता वाचता मला वाटलं, अरे हा तर आपला ताळा! प्राथमिक शाळेत भागाकाराखाली एक चौकोन करून बाई ताळा मांडायला लावायच्या तोच.

मग मसाविचा ताळा ठरवला. फंक्शनने नुसता मसावि द्यायचा नाही, चार बहुपदी आणखी द्यायच्या. पहिल्या दोन म्हणजे मसाविने दोघींना भागल्यावर येणारे भागाकार, गुणून बघितलं की कळतं हा विभाजक आहे. पण तो 'महत्तम' आहे कशावरून? त्यासाठी पुढच्या दोन, अशा की पहिलीला एकीने गुणलं, दुसरीला दुसरीने, बेरीज केली, की मसाविच्याच एखाद्या शून्य नसलेल्या पूर्णांक पटीत उत्तर यावं. सहगुणकांचा आपसातला मसावि आधीच बाहेर काढून ठेवला असेल तर गाऊसच्या लेमावरून कोणताही सामाईक विभाजक या मसाविला भागतोच. गाऊसचं लेमा मॅथलिबमध्ये तयार आहे. ताळा करणारं फंक्शन फक्त ३० ओळींचं, आणि 'ताळा जुळला तर हाच मसावि' हे प्रमेय एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पूर्ण झालं. ताळा जुळला नाही तर एक संथ पण पूर्ण सिद्ध केलेली रीत चालते, जी प्रत्येक बाकीतून सामाईक संख्या काढून टाकते. चाचणीत ताळ्यामुळे वेळ साधारण अडीच पट लागतो. मला तो योग्य वाटतो.

याच काळात वाचलं की रेने थीमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इझाबेल या प्रूव्हरमध्ये बहुपदींचे अवयव पाडायची मोठी रीत सिद्ध करताना एका पाठ्यपुस्तकातली गंभीर चूक पकडली. पुस्तकात छापलेली, वर्षानुवर्षं शिकवलेली! ते वाचून माझा नोव्हेंबर-डिसेंबरचा सल बराच कमी झाला.

सबमिशनआधी एक काम विसरू नका. लीनमध्ये अर्धवट प्रूफच्या जागी 'सॉरी' लिहिता येतं आणि फाइल चालते. प्रत्येक मुख्य प्रमेयाखाली 'प्रिंट ॲक्झिअम्स' द्या, ते प्रमेय शेवटी कशाकशावर उभं आहे ते दिसतं. प्रॉपएक्स्ट, क्लासिकल चॉइस आणि कोट साउंड ही तिघं आली तर ठीक, ती नेहमीचीच आहेत. मला एका जागी चौथं नाव दिसलं, कारण मी घाईत 'नेटिव्ह डिसाइड' वापरलं होतं, त्यात कंपायलरवरही विश्वास ठेवावा लागतो. ते काढायला तीन दिवस गेले. शेवटी हिशेब असा झाला की धावणारा कोड २६० ओळी आणि प्रूफ २,९०० ओळी.

मे महिना कागदपत्रांचा. साम्य तपासणीचा रिपोर्ट १० टक्क्यांच्या आत लागतो, माझा २३ टक्के आला, कारण परिशिष्टात कोड होता आणि कोडच्या प्रत्येक फाइलच्या डोक्यावर तीच लायसन्सची ओळ. परिशिष्ट वेगळं करून, गाइडचं पत्र जोडून पुन्हा तपासायला दिलं, ४ टक्के आला, त्यात आठ दिवस गेले आणि पुन्हा तपासणीचे ५०० रुपये. बाइंडिंग काळ्या कव्हरचं, सोनेरी अक्षरात, चार प्रती, प्रत्येकी ३८०. छापण्याआधी एक पान छापून बघा, दुकानातल्या कॉम्प्युटरवर लीनची चिन्हं चौकोन होऊन येतात. माझी पहिली प्रत तशीच निघाली, फाँट पीडीएफमध्ये एम्बेड करून नेल्यावर जमलं. व्हायवाची तारीख दोनदा पुढे गेली, ६ जून, मग १७, शेवटी २७. ऑफिसमधून तिन्ही वेळा रजा टाकावी लागली, म्हणून रजा शिल्लक ठेवा.

एक्स्टर्नल सर साठीचे, शांत. अर्धा तास काही बोलले नाहीत, पानं उलटत होते. मग त्यांनी विचारलं, "टेस्ट करून भागलं नसतं का?" मी स्लाइड बाजूला ठेवून फळ्यावर कनूथची जोडी लिहिली, दोन्ही भागाकार करून दाखवले, (१, −१, १) वाला निकाल दाखवला. त्यांनी खिशातून पेन काढलं, माझ्या प्रतीच्या मागच्या कोऱ्या पानावर स्वतःच्या दोन बहुपदी लिहिल्या, मधे भरपूर शून्यं घालून, आणि म्हणाले, "चालव." मी टाइप केलं, मसावि आला, खाली चार बहुपदी आल्या. त्यांनी लॅपटॉप स्वतःकडे वळवून घेतला आणि कागदावर गुणाकार मांडायला सुरुवात केली. खोलीत पंखा आणि पेन एवढाच आवाज. सहा-सात मिनिटं लागली असतील. शेवटच्या ओळीखाली त्यांनी दोन रेघा मारल्या आणि सही करायला फॉर्म मागितला.

सबरिझल्टंटचं ते मोठं प्रमेय अजून राहिलंय. फाइल उघडून ठेवली आहे, सध्या तिच्यात विधान आहे आणि खाली एकच शब्द, सॉरी. जुलैत लेकीची दहावीची गडबड मार्गी लागली की बसणार आहे.